डिस्कशिवाय चाललेला सिनेमा

१

डिस्क चोरीला गेल्याचं उघडकीला आलं, तेव्हा तिच्यावरचा सिनेमा व्यवस्थित चालू होता.

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगांत पत्रकार, मागच्या रांगांत पत्रकारांच्या जेवणाची व्यवस्था बघणारे, आणि भिंतीवर पाठिंबा देणाऱ्या कंपन्यांची बोधचिन्हं. ती इतकी दाटीवाटीने लावली होती की खाली भिंत आहे यावर विश्वासच ठेवावा लागे. समोर दरवाजापेक्षा रुंद टीव्ही. टीव्हीत नदी, नदीत होडी आणि होडीत वल्हं मारणारी बाई. सिनेमा जुना होता. पण नव्या अल्ट्रा एचडी डिस्कसाठी तो असा काही घासूनपुसून काढला होता की बाईच्या मनगटावरचा घाम दिसत होता. मूळ सिनेमा थिएटरात पाहिलेल्यांना तिला मनगट असल्याचंही आठवत नव्हतं.

नव्या डिस्कच्या समर्थन समितीचे अध्यक्ष माइकसमोर आले. त्यांचा प्लेअर बनवण्याचा कारखाना होता, म्हणजे प्लेअर खपत होते तोपर्यंत होता.

“आता प्रत्यक्ष डिस्क दाखवतो,” ते म्हणाले. “नमुन्याची ही एकच छापली आहे. डोळे भरून बघून घ्या.”

त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं. ट्रे अदबीने बाहेर आला. त्यात काही नव्हतं.

टीव्हीवर बाई वल्हं मारतच होती.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी ट्रेकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि उभ्या आयुष्यात कारखान्याला कधी दाखवली नव्हती ती चपळाई दाखवली.

“हीच तर या तंत्राची कमाल आहे!” ते म्हणाले.

दुसऱ्या रांगेतून टाळ्या पडल्या. एका पत्रकाराने तर लगेच विचारलं, “म्हणजे डिस्क घ्यायची गरजच नाही?” ही डिस्क बाजारात आल्यावर गिऱ्हाईक जे म्हणणार, ते त्याने आधीच म्हणून टाकलं.

२

चोरीची भरपाई मागितली की विमा कंपनी माणूस पाठवते. या वेळी तिने सर्व्हेअरबाईंना पाठवलं. बाईंचं आयुष्य जळलेली गोदामं बघण्यात गेलं होतं. त्यातून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. गोदामांवरचा शाबूत होता.

“बसायला काही आहे का? माझे गुडघे दुखतात,” त्या आल्या आल्या म्हणाल्या.

“बसायची गरजच नाही, चोर सापडलाय,” अध्यक्ष म्हणाले. “आमची ऑपरेटर. हॉलची चावी तिच्याकडे. आणि हा सिनेमा दुरुस्त करून त्याचे रंग ज्याने नीट केले, तो कलरिस्ट तिचा सख्खा मामा. घरचाच मामला आहे. उद्या सकाळी पोलिसात तक्रार जाईल. तुम्ही फक्त सही करा.”

“सही शेवटी करतात,” बाई म्हणाल्या आणि टीव्हीसमोरच्या नव्या गालिच्याकडे बघत राहिल्या. टीव्हीच्या अगदी जवळ गालिच्यात चार खोल खड्डे होते. जड खुर्चीच्या पायांचे. पण आज तरी सगळ्या खुर्च्या कितीतरी मागे होत्या.

अध्यक्ष फोनवर बोलायला बाहेर गेले. बाईंनी टीव्हीमागची वायर बोटाने धरली आणि दोरीवरून विहिरीकडे जावं तशा तिच्या मागोमाग निघाल्या. वायर प्लेअरकडे गेली नाही. ती भिंतीतून मागच्या खोलीत गेली, टेबलाखाली शिरली आणि एका कॉम्प्युटरला जाऊन भिडली. कॉम्प्युटरसमोर ऑपरेटर बसली होती. तिशीतली, खांद्यावर केबलचं वेटोळं आणि डोळे रडून कोरडे केलेले.

“मावशी, ते विचारू नका,” ती म्हणाली.

“बाई म्हण. मावशी म्हटलं की मी थापा ऐकून घेते असा लोकांचा समज होतो. सिनेमा इथून चालतो?”

ऑपरेटरने दार लोटलं. “सुरुवातीला एका चाचणीत प्लेअर अडकला. अध्यक्षांच्या समोरच. इंजिनिअरने तो दुरुस्त केला, आता अडकणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि फ्रिजच्या कंपनीत निघून गेला. मग त्याच्या शपथेवर कोण विसंबणार? तेव्हापासून पुढे प्लेअर नुसता दिवा लावून बसतो आणि मी इथून चालवते. तेही पहिलंच रीळ. नदीपासून पुलापर्यंत. मग परत नदी.”

“आणि पुढचा सिनेमा?”

“मीसुद्धा पाहिलेला नाही. मामा सांगायला लागला की मी त्याला गप्प करते. एकदा समोर बसून बघायचाय मला.” ती थांबली. “बाई, माझी पंचाईत कळली का? मी म्हणाले की अख्खा कार्यक्रम मी इथे बसून चालवत होते, पुढे गेलेच नाही, तर समितीचं बिंग फुटतं. नाही म्हणाले तर मी चोर. आणि या लाइनीत एकदा चोर म्हटलं की कोणी स्क्रूड्रायव्हरसुद्धा हातात देत नाही.”

“डिस्क शेवटची कधी पाहिलीस?”

“काल दुपारी मीच ट्रेमध्ये ठेवली. मग मला हॉटेलात पाठवलं, समितीच्या ‘अपेक्षा’ सत्रात स्लाइड चालवायला. चावी नेहमीसारखी बाहेरच्या ऑफिसात खिळ्याला लावली. आज सकाळी आले तर तीन गोष्टी विचित्र. स्टेजवरची मोठी खुर्ची टीव्हीला नाक लागेल इतकी पुढे. ती मी मागे ओढली. टीव्हीची वायर भलत्याच सॉकेटमध्ये, प्लेअरच्या. ती मी बदलली. आणि चित्र फिकं.”

“फिकं म्हणजे?”

“हा टीव्ही शोरूममधून उसना आणलाय. शोरूममध्ये पन्नास टीव्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून आपलाच उठून दिसावा असा भडक निळा लावलेला असतो. शोरूम मोड म्हणतात. रिमोटने बदलला तरी जरा वेळाने आपोआप परत भडक होतो. तो कायमचा काढायची, बटणं ठराविक क्रमाने दाबायची एक खूण असते, ती मला कोणी सांगितली नाही. मामा परवा येऊन बघून गेला तेव्हा डोक्याला हात लावून बसला होता. आज सकाळी बघते तर चित्र एकदम शहाण्यासारखं. अध्यक्ष ओरडले, टीव्ही आजारी पडलाय का म्हणून.”

“मग परवापर्यंत भडक होता, आणि आज कार्यक्रमात शहाणा. मामा आज होता?”

“त्याला बोलावलंच नव्हतं.”

“आणि काल दुपारी समितीचे सगळे त्या सत्रात होते?”

“सगळे. माझ्यासमोर.”

“दिवे बंद होते?”

“स्लाइड दाखवायच्या तर दिवे...” ती बोलता बोलता थांबली.

“म्हणजे सगळे होते,” बाई म्हणाल्या, “आणि कोणीही कोणाला पाहिलं नाही.”

३

बाईंनी एकेकाला बोलावलं. उद्योगाचा पाठिंबा म्हणजे नेमकं काय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. जळण्याआधी गोदामात माल होता का, हे त्या नेहमीच आधी विचारत.

अध्यक्ष म्हणाले, “आमचा शंभर टक्के पाठिंबा आहे. सिनेमे आले की प्लेअर बनवायला घेणार.”

“काल सत्रात ऑपरेटर होती ना?”

“असेल. पण तिची गरज काय? स्लाइड आपोआप पुढे जातात.”

“मध्ये कुठे अडकल्या?”

अध्यक्षांचा चेहरा बंद कपाटासारखा झाला. “आमच्या अपेक्षा अडकत नाहीत.”

दुसरे कॅटलॉगसाहेब. सिनेमा कंपनीच्या तळघरात हजारो जुने सिनेमे पडले होते, त्यांचे हे राखणदार. स्वतः सिनेमा बघत नसत. डोळ्यांना त्रास होतो म्हणत.

“आमचा भक्कम पाठिंबा आहे,” ते म्हणाले. “प्लेअर घराघरांत पोचले की सिनेमे देणार.”

“हा सिनेमा आणखी कोणाकडे आहे? कलरिस्टकडे प्रत असेलच.”

“छे! काम झालं की सगळं पुसायचं, असा आमचा करार असतो. त्याच्याकडे एक चित्रही नाही. नमुन्याची डिस्कसुद्धा कार्यक्रमानंतर माझ्या हाताने नष्ट करायची होती. चोराने माझं काम वाचवलं, असं गमतीने म्हणता येईल.” ते हसले. गंमत त्यांच्यासाठी तिथेच संपली.

“कालचं सत्र कसं झालं?”

कॅटलॉगसाहेबांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. “माझं नाव घालू नका. पण विक्रीच्या अपेक्षेचा आलेख अर्ध्या चढावर अडकला. पडदाच गोठला. ती मुलगी मागून धावत आली, वायरींशी खटपट करत बसली, आणि तोवर अध्यक्ष हात वर वर नेऊन चढ दाखवत होते. खांदा दुखेपर्यंत. लोक खो-खो हसले. मीसुद्धा उठून बसलो.”

“म्हणजे मुलगी हॉटेलातच होती.”

“मी असं कुठे म्हणालो?” ते घाबरून म्हणाले. “मी आलेखाबद्दल बोलत होतो.”

तिसरे होते डिस्ककाका. त्यांची टीव्हीची शोरूम शहरभर पसरली होती, पण सुरुवात डिस्क भाड्याने देण्याच्या एका टपरीपासून. नाव तेव्हाचं. हल्ली मात्र त्यांना डिस्ककाका म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नसत. लोक म्हणत, पैसा झाला की माणूस असाच होतो. त्यांच्या दुकानात आता फोनची कव्हरं होती, मिक्सर होते, केस वाळवायची यंत्रं होती. डिस्कचं कपाट चिरंजिवांनी काढून टाकलं होतं.

“या बाजूला बसा,” काका उजवीकडची खुर्ची पुढे करत म्हणाले. “तिकडून वारा येतो.”

खिडक्या बंद होत्या. बाई उजवीकडे बसल्या.

“काका, तुमचाही पाठिंबा आहे?”

“आहे ना. पहिलं बोधचिन्ह आमचं. प्लेअर आणि सिनेमे दोन्ही आले की कपाट परत लावणार.” मग ते मनातलं बोलल्यासारखं म्हणाले, “ते त्याची वाट बघतायत, तो यांची बघतोय, मी दोघांची. रांगेत सगळे आहेत, खिडकीच कोणी उघडत नाही.”

“डिस्क चालेल असं वाटतं?”

“डिस्क मेली बाई. आम्ही तिला खांदा द्यायला जमलोय. त्यालाच पाठिंबा म्हणतात.”

“कालचं सत्र?”

“झकास! आणि त्या पोरीला उगाच गोवू नका. काल सगळं तिनेच चालवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडदा एकदाही अडखळला नाही, लिहून घ्या. अशा पोरीवर चोरीचा आळ घेणं बरं नव्हे.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. साक्षीदार इतक्या कळकळीने साक्ष देतो तेव्हा त्यांना चष्मा पुसावाच लागे.

तेवढ्यात ऑपरेटर धापा टाकत आत आली.

“बाई, मामा आलाय. अध्यक्षांसमोर उभा राहून म्हणतोय की डिस्क त्याने चोरली!”

४

मामा म्हणजे कलरिस्ट. अंधाऱ्या खोलीत राखाडी भिंतींच्या मधोमध बसून इतरांच्या सिनेमातलं आकाश दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. उन्हात आला की कागदासारखा दिसे. आत्ता तो हात पुढे करून उभा होता, बेड्या घातल्या तर सोयीचं जावं म्हणून.

“मीच घेतली,” तो म्हणाला. “पोरीला सोडा.”

“बघा!” अध्यक्ष आनंदाने म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं, घरचाच मामला? आता दोघांची नावं घालू.”

“माझं एकट्याचं!”

“चावी तिची होती.”

“मामा, तू काल घरी होतास,” ऑपरेटर म्हणाली. “मामी म्हणाली, दिवसभर कपाट आवरत होतास.”

“मामीला काय कळतं? कपाटामागून निघून आलो.”

“मागे भिंत आहे, मामा!”

बाईंनी हात वर केला. “तुम्ही का घेतलीत?”

मामाचा आवाज बदलला. “दोन वर्षं त्या नदीत होतो, बाई. सुरुवातीला नदी तपकिरी दिसायची, गटारासारखी. एकेक लाट करून तिचा रंग परत आणला. मग सिनेमा कंपनीचा माणूस आला, माझ्यासमोर सगळं पुसलं, माझ्याकडून पुसल्याची पावती घेतली. आज सगळे म्हणतात, काय नदी आहे! आणि मी ती बघू शकत नाही. पुरे नाही का एवढं कारण?”

“कारण उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काल इथे बसून सिनेमा पाहिलात?”

“पाहिला. पूर्ण.”

“नदी कशी दिसली?”

“कशी दिसणार? या टीव्हीवर? निळीशार, शाईची बाटली सांडल्यासारखी. डोळ्यांत खुपत होती. माझ्या कामाचं मातेरं.”

बाईंनी ऑपरेटरला खूण केली. तिने टीव्ही लावला. नदी आली. मंद, हिरवट, खोल. वल्ह्याखालचं पाणी एका बाजूने काचेसारखं आणि दुसऱ्या बाजूने काळं.

मामाने पुढे केलेले हात खाली गेले.

“ही... ही माझी नदी आहे,” तो म्हणाला. “कोणी लावली अशी?”

“ज्याने काल सिनेमा पाहिला त्याने,” बाई म्हणाल्या. “मामा, तुम्ही घरी जा आणि कपाट आवरा.”

५

अध्यक्ष चिडून निघून गेले. जाता जाता त्यांनी आठवण करून दिली की तक्रार सकाळी जाणारच, चोर कोणीही असो.

बाई खुर्चीत बसल्या आणि ऑपरेटरला म्हणाल्या, “वायर काढ आणि प्लेअरला लाव. काल कोणीतरी लावली होती, तशी.”

“पण आत डिस्क नाही.”

“नसू दे. गोदाम जळलं तरी कुलूप बोलतं.”

ऑपरेटरने वायर लावली. टीव्हीवर प्लेअरची यादी आली. भाषा, आवाज, चित्र, सबटायटल. बाईंनी एकेक वाचायला सांगितलं.

“सबटायटल चालू,” ऑपरेटर म्हणाली. मग दचकली. “आणि अक्षरं सगळ्यात मोठी. पण हे कोणी केलं? सिनेमा आपल्याच भाषेतला आहे!”

“आपल्याच भाषेतला सिनेमा कोण वाचून बघतं?”

ऑपरेटरने यादी पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, “ज्याला ऐकू येत नाही तो.”

“आता मोज. नाकासमोर खुर्ची ओढून बसणारा, म्हणजे ज्याला खरोखर बघायचंय असा. शोरूम मोडची खूण माहीत असणारा. संवाद वाचणारा. आणि काल त्या सत्रात नसलेला.”

“पण सत्रात सगळेच होते म्हणतात.”

“म्हणतात. आलेख अडकला तेव्हा अख्खा हॉल हसला. त्याला झोपलेलेसुद्धा उठले. फक्त एक माणूस मला सांगतो की काहीच अडकलं नाही. बिचारा तुझी बाजू घेत होता. खोटं बोलताना माणसाने भलेपणा करू नये, दोन्ही फसतं.”

ऑपरेटरने भिंतीकडे पाहिलं. सगळ्यात पहिल्या, सगळ्यात मोठ्या बोधचिन्हाकडे.

६

डिस्ककाका शोरूमच्या मागच्या केबिनमध्ये होते. काचेपलीकडे चिरंजीव गिऱ्हाइकाला समजावत होते की कव्हर फोनपेक्षा महाग असलं तरी फोन कव्हरशिवाय राहू शकत नाही.

बाई या वेळी मुद्दाम डावीकडे बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “काका, डिस्क कुठे आहे?”

काका हसतमुखाने मान हलवत राहिले. मग त्यांना कळलं की आपण कशाला मान हलवली ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं, त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हसू उतरवून ठेवलं.

“डावा कान गेलाय. उजवाही जायच्या तयारीत आहे,” ते म्हणाले. “चिरंजिवांना सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर मलाही कपाटाबरोबर काढतील.”

“टीव्हीची खूण?”

“शोरूमचे सगळे टीव्ही मीच लावायचो. बोटांना पाठ आहे.” त्यांनी टेबलाचा खण उघडला. डिस्क मऊ रुमालात गुंडाळलेली होती. काकांनी ती मधल्या भोकात बोट घालून, कडेला अंगठा टेकवून उचलली. तबकडीवर त्यांचा एकही ठसा नव्हता.

“टपरी होती ना, तेव्हा माझा एक नियम होता,” ते म्हणाले. “डिस्क परत आली की शेवटच्या नावापर्यंत बघायची. नेमकी शेवटाला अडकते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायला येतं. बायको आणि मी शटर अर्धं ओढून बघायचो. ती म्हणायची, आपण कामाच्या नावाखाली चैन करतो. परवा समितीवाले म्हणाले, पहिली ऑर्डर तुम्ही द्या. म्हटलं, माल तपासल्याशिवाय कशी देऊ? सगळे त्या अपेक्षांकडे गेले. मी खिळ्यावरची चावी घेतली.”

“आणि?”

“अडकली नाही बाई! एकदाही नाही. शेवटच्या नावापर्यंत लोण्यासारखी गेली. हे लोक कॉम्प्युटरवरून नक्कल दाखवतायत, आणि खरी वस्तू तिथेच चालू! कोणी पुन्हा लावूनच पाहिली नव्हती.” त्यांनी रुमालाची घडी केली, मोडली. “बंद पडली असती तर जागच्या जागी ठेवली असती. बंद वस्तूला आपल्या सगळ्यांचा पाठिंबा होताच. पण ती चालत होती. आणि मला माहीत होतं की ही दुकानात कधी येणार नाही. पाठिंबा देणारे इतके असल्यावर कशी येईल? म्हटलं, एक तरी गिऱ्हाईक व्हावं तिला.”

“पोरीवर आळ येईल हे लक्षात नाही आलं?”

काकांनी उजवा कान पुढे केला नाही. ऐकू आलं होतं.

“वाटलं, समिती लाजेखातर गप्प बसेल,” ते म्हणाले. “यांना लाज असेल, ही माझी अपेक्षा.”

७

संध्याकाळी हॉलमध्ये बाईंनी डिस्क टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काका मान खाली घालून उभे होते. मामा पुन्हा आला होता. कपाटात मन लागत नाही म्हणाला.

अध्यक्षांनी डिस्क बोटाने जरा दूर सरकवली.

“तुम्ही अहवालात काय लिहिणार?” त्यांनी विचारलं.

“वस्तू सापडली. चालू स्थितीत.”

“‘चालू स्थितीत’ हे शब्द काढता येतील?”

“का?”

कॅटलॉगसाहेबांनी समजावून सांगितलं. “डिस्क चालत नाही म्हणून सगळे वाट बघत होते. चालते म्हटलं, तर यांना प्लेअर बनवावे लागतील, मला सिनेमे द्यावे लागतील, काकांना कपाट लावावं लागेल. कोणाची तयारी आहे?”

कोणाचीच नव्हती. काकांनी तोंड उघडलं, काचेपलीकडचे चिरंजीव आठवले असावेत, आणि मिटलं. मग अध्यक्षांनी तिथल्या तिथे निवेदन सांगायला सुरुवात केली. अनपेक्षित परिस्थितीमुळे डिस्कचं आगमन पुढे ढकलण्यात येत आहे. उद्योगाचा पाठिंबा कायम आहे. काकांविरुद्ध तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. पहिलं बोधचिन्ह त्यांचं होतं.

“आणि माझ्यावरचा आळ?” ऑपरेटरने विचारलं.

“कसला आळ? तुझं नाव स्वच्छ आहे,” अध्यक्ष उदारपणे म्हणाले. “उद्यापासून येऊ नकोस.”

“का?”

“डिस्क आपली आपण चालते ना? मग ऑपरेटर कशाला?”

या वाक्यात चूक शोधून सापडत नव्हती, हेच त्याचं वैशिष्ट्य होतं.

“पोरी, माझ्याकडे ये,” काका पुटपुटले. “कव्हरांच्या काउंटरवर...”

“नको, काका,” ती म्हणाली.

कॅटलॉगसाहेबांनी घड्याळ बघितलं. “करारानुसार डिस्क आज नष्ट करायची आहे. खाली ऑफिसात कापायचं यंत्र आहे. मी निवेदन पक्कं करून, सही करून येतो, दोनेक तास लागतील.”

“तोवर एकदा बघू का?” तिने विचारलं. “पुढून?”

“बघा, बघा,” ते म्हणाले. सिनेमा बघण्यात कोणाचं काही जातं, असं त्यांना वाटत नसे.

ते आणि अध्यक्ष खाली गेले. काकांनी स्टेजवरची मोठी खुर्ची ओढून गालिच्यातल्या चार खड्ड्यांत बरोबर बसवली आणि ऑपरेटरला तिच्यात बसवलं. बाकीच्यांनी मागे खुर्च्या घेतल्या. डिस्क आत गेली. नदी आली. टीव्हीच्या तळाशी मोठ्ठाली अक्षरं उमटली, तशी मामा कळवळला, “अगं, माझ्या पाण्यावर! ती बंद कर.”

“राहू दे, मामा. काका बसलेत,” ती म्हणाली.

सिनेमा पुलापर्यंत आला. इथून पुढे परत नदी यायची. ऑपरेटरने खुर्चीचे हात धरले. होडी पुलाखालून पलीकडे गेली, आणि पलीकडे एक अख्खं गाव होतं. तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. सर्व्हेअरबाईंना अहवाल लिहायचा होता. त्या गुडघे चोळत बसून राहिल्या.

बाहेर कामगार दारावरची बोधचिन्हं उतरवत होते. सिनेमातली बाई म्हातारी झाली. तिने होडी विकायला काढली. मग पूर आला, आणि ज्याने होडी घेतली होती तो काठावर उभा राहून तिला हाका मारू लागला. बाई दारात आली. पाण्याकडे बघत राहिली. पायरीवर एक पाऊल ठेवलं.

“मामा, ती जाते का?” ऑपरेटरने वळून न बघता विचारलं, आणि लगेच म्हणाली, “नको, सांगू नकोस.”

दार उघडलं. कॅटलॉगसाहेब आत आले. हातात पिशवी होती. त्यांनी टीव्हीकडे डोळे किलकिले करून पाहिलं.

“किती राहिलंय?”

“थोडंच,” मामा म्हणाला. “शेवट.”

“साहेब, दोन मिनिटं,” ऑपरेटर म्हणाली.

“ऑफिस बंद होतंय,” ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

ट्रे अदबीने बाहेर आला. या वेळी त्यात डिस्क होती. टीव्ही काळा झाला.

प्रात्यक्षिक यशस्वी झालं होतं.